स्वप्नात घुबड येतंय आणि वर्कशॉपवाले म्हणतात तुमचा प्राणी लांडगा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. गेले काही आठवडे तुमच्या स्वप्नात सारखं घुबड येतंय, आणि संध्याकाळी खिडकीसमोरच्या झाडावर एक खरंखुरं घुबडही येऊन बसतं. कोणी म्हणतं अशुभ आहे, नेटवरचा कुठल्या प्राण्याचा काय अर्थ सांगणारा चार्ट म्हणतो घुबड म्हणजे ज्ञान. त्यात मध्यंतरी तुम्ही एका ड्रमिंग वर्कशॉपला गेलात, तिथल्या शिक्षकांनी तुमच्याकडे नुसतं बघून सांगून टाकलं की तुमचा मदत करणारा प्राणी-आत्मा म्हणजे पॉवर अ‍ॅनिमल लांडगा, आणि लांडग्याच्या दाताचं लॉकेट घाला, ते आमच्याकडेच मिळेल. तर आता घुबड खरं की लांडगा, आणि यातून अर्थ काय घ्यायचा.

मी बरीच वर्षं हे काम करतेय, ड्रम वाजवते, लोकांना जर्नीला बसवते, म्हणजे ड्रमच्या तालावर डोळे मिटून मनाने खालच्या जगात जाऊन यायला, त्यामुळे हाच प्रश्न प्राण्यांची नावं बदलून माझ्याकडे सतत येत असतो. सरळ सांगते, घुबडाचा सगळीकडे चालेल असा ठरलेला अर्थ नाहीच. चार्टवाल्यांनी कुठून काढला ते त्यांनाच माहीत. अमेरिकेतल्या नावाहो लोकांना घुबड नको असतं, वाईट बातमी घेऊन येणारा पक्षी मानतात. आता तिथून उठून जपानच्या उत्तरेला होक्काइडो बेटावर या, तिथले मूळचे ऐनू लोक त्यांच्याकडच्या त्या मोठ्या मासे खाणाऱ्या घुबडाला कोतान-कोर-कामुय म्हणतात, म्हणजे गावावर लक्ष ठेवणारा देव, रात्री सगळे झोपले तरी तो जागा असतो म्हणून. आणि कझाक लोक घुबडाची पिसं लहान मुलांच्या टोपीला शिवतात, नवरीच्या शिरपेचाला लावतात, नजर लागू नये म्हणून, त्यांचा बक्सी म्हणजे शामान, आत्म्यांच्या जगात जाऊन येणारा मांत्रिक, त्याच्या टोपीवरही ही पिसं असायची. पक्षी तोच, रात्री उडतो, आवाज न करता येतो, मान भलतीकडे फिरवतो, पण एकाला तो मरण वाटतो आणि दुसऱ्याला पहारेकरी. मग तुम्ही यातलं कुठलं उचलणार? आणि आवडेल ते उचललं तर त्याला अर्थ म्हणायचं का?

तरी पण, हे सगळं मनाचे खेळ आहेत असं मी म्हणत नाहीये. अर्थ येतो, पण तो येतो कुठून ते बघायला पाहिजे, कारण तिथेच सगळी गंमत आहे.

सैबेरियातल्या एवेन्की शामानाचा जुना पोशाख कधी म्युझियममध्ये किंवा फोटोत बघितलात तर त्यावर लोखंडाचे छोटे छोटे पक्षी लटकवलेले दिसतील, डोक्यावर कधी लोखंडाची रेनडिअरची शिंगं. त्या पक्ष्यांमध्ये एक हमखास असतो तो लून, उत्तरेकडच्या तळ्यांमधला पाणबुडा पक्षी. आपल्याला वाटेल गरुड सोडून हा बदकासारखा पक्षी कशाला. पण लून करतो काय ते बघा ना, हवेत उडतो, पाण्यावर पोहतो, आणि मग डुबकी मारून खूप वेळ दिसतच नाही, वाटतं संपला, आणि भलत्याच जागी वर येतो. त्या लोकांच्या मते जग तीन थरांचं, वरचं, मधलं, खालचं, आणि खालच्या जगात जाऊन परत यायचं हेच तर शामानाचं काम. मग मदतीला कोण घ्यायचा, जो हे रोज करतो तोच. लून म्हणजे अमुक गुण अशी यादी कोणी केली नव्हती, पिढ्यानपिढ्या तळ्याकाठी बसून त्याला बघितलं होतं. अस्वलाचंही तसंच, थंडी पडली की बिळात जातं, मेल्यासारखं पडून राहतं आणि बर्फ वितळला की बाहेर येतं. अ‍ॅमेझॉनमध्ये जॅग्वार, तो झाडावर चढतो, नदी पोहून जातो, जमिनीवर चालतो आणि रात्री अंधारात त्याला दिसतं, म्हणजे त्याला कुठलीच हद्द नाही, आणि त्या भागातल्या बऱ्याच लोकांच्या मते मोठा शामान आणि जॅग्वार यांच्यात फारसा फरकच नसतो, शामान मेला की जॅग्वार होतो असंही मानतात.

म्हणून मी नवीन लोकांना पहिल्यांदा हेच सांगते की प्राण्याचं पुस्तक उघडायच्या आधी प्राणी बघा. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, त्यांना मनातून वाघ हवा होता, आणि जर्नीत दरवेळी भेटायची पाल. वैतागले. मी म्हटलं ठीक आहे, घरी जाऊन दिव्याखाली पाल बघा, गुगल नका करू. पुढच्या वेळी ते काहीतरी भारी सांगतील असं मला वाटलं होतं, तर म्हणाले की किडा पकडायच्या आधी ती शेपटीचं टोक हलवते हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. बस एवढंच. पण त्यानंतर त्यांनी वाघाचं नाव काढलं नाही, आणि पालीशी त्यांचं जे काही सुरू झालं ते ते स्वतःजवळच ठेवतात, मीही विचारत नाही.

आता मुख्य गोष्ट. जिथे शामानी परंपरा खरोखर जगली तिथे प्राणी हा संदेश घेऊन येणारा पोस्टमन नसतो. त्याच्याशी व्यवहार असतो. घेणं असतं तसं देणं असतं, आणि ते चुकवलं तर भोगावं लागतं. चार्टमधून नेमकं हेच गायब झालंय. चार्टमध्ये प्राणी तुम्हाला फक्त देतच असतो, धैर्य देतो, अंतर्ज्ञान देतो, आणि तुमच्याकडून त्याला काहीच नको असतं, किती सोयीचं!

कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या, बर्फातल्या इग्लुलिक भागातल्या इनुइट लोकांचं उदाहरण सांगते. क्नुड रासमुसेन नावाचा, स्वतः आईकडून थोडा ग्रीनलँडचा संशोधक, 1921 ते 1924 या काळात कुत्र्यांच्या गाड्या घेऊन त्या भागात फिरला आणि तिथल्या शामानांशी, ज्यांना ते अंगाक्कुक म्हणतात, त्यांच्याच भाषेत बोलून खूप काही लिहून ठेवलं. तिथे खाणं म्हणजे सील, वॉलरस, व्हेल, रेनडिअर. भाजी-धान्याचा प्रश्नच नाही. म्हणजे प्रत्येक जेवणाला कोणाचा तरी जीव, आणि त्यांच्या मते त्या जिवालाही आत्मा आहे, माणसासारखाच. मग ही भीती कायमची डोक्यावर, की हे आत्मे रागावले तर? समुद्राच्या तळाशी एक बाई राहते, सगळे समुद्री प्राणी तिच्याच कापलेल्या बोटांपासून झाले अशी कथा आहे. वर माणसांनी नियम मोडले की त्याचा मळ खाली तिच्या केसात जाऊन अडकतो, आणि तिला बोटंच नाहीत, विंचरणार कशी. ती चिडते आणि प्राणी अडवून ठेवते. वर शिकार मिळत नाही, उपासमार. मग अंगाक्कुक खाली जातो. घरात दिवे विझवतात, सगळे डोळे मिटून बसतात, पडद्यामागून त्याचा श्वास, त्याचे आवाज ऐकू येतात, ते हळूहळू लांब जातात. तो तिथे जाऊन तिला समजावतो, तिचे केस विंचरतो, ती शांत झाली की प्राणी सोडते. आणि मग तो वर येतो तेव्हा गोष्ट संपत नाही हं, तो आल्यावर घरातल्या सगळ्यांना एकेक करून कबूल करावं लागतं की मी अमुक नियम मोडला होता, तमुक लपवलं होतं. म्हणजे सील दिसत नाहीत याचा अर्थ काय हा प्रश्न कोणी विचारत नाही, प्रश्न असतो आपण काय केलं.

कोलंबियाच्या अ‍ॅमेझॉनमधल्या देसाना लोकांचा हिशोब तर याहून उघड आहे. हेरार्दो राइखेल-दोलमातोफ या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय की त्यांच्याकडे प्राण्यांचा एक मालक आहे, वाई-मासे, तो डोंगराच्या पोटात राहतो, शिकारीचे सगळे प्राणी त्याचे. त्यांचा शामान, पाये, तिकडे जाऊन त्याच्याशी अक्षरशः घासाघीस करतो, एवढे प्राणी सोड. बदल्यात काय, तर माणसं मेल्यावर त्यांचे आत्मे त्या डोंगरात जाणार, म्हणजे तिकडची भरपाई होणार. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, पण विचार केला तर यात लबाडी नाही, जंगलातून काढलंत तर जंगलाला परत द्या, इतका साधा सौदा.

सैबेरियातल्या एवेन लोकांमध्ये वेगळाच प्रकार, तिथे माणसाच्या नावाने एक रेनडिअर वाहिलेला असतो, त्यावर ओझं लादत नाहीत, तो आपल्या माणसावर येणारं संकट स्वतःवर घेतो, म्हणजे तुमच्याऐवजी तो मरतो, आणि मग तुम्हाला लगेच दुसरा वाहावा लागतो कारण मधल्या काळात तुम्ही उघडे. मेक्सिकोत चियापासमधल्या झिनाकांतानला तर प्रत्येकाचा एक जोडीदार प्राणी मोठ्या डोंगराच्या आतल्या गोठ्यात पूर्वजांच्या देखरेखीखाली असतो अशी समजूत, आणि माणसाने काही वाईट केलं की पूर्वज तो प्राणी गोठ्याबाहेर काढतात. बाहेर भटकणाऱ्या प्राण्याला जखम झाली की इकडे माणूस आजारी.

आता लांडग्याकडे येते, कारण हा मला फार आवडता किस्सा आहे. सैबेरियातल्या लेना नदीच्या खोऱ्यातले साखा लोक, ज्यांना याकूत म्हणून जास्त ओळखतात. वाच्वाव शेरोशेव्हस्की नावाचा पोलिश माणूस, रशियन झारने हद्दपार करून तिकडे पाठवलेला, 1880 ते 1892 अशी 12 वर्षं त्यांच्यात राहिला आणि जे बघितलं-ऐकलं ते लिहिलं. तो सांगतो की प्रत्येक शामानाचा एक इये-किल असतो, म्हणजे आई-प्राणी म्हणा, शामानाचा जीवच त्यात असतो. तो कोणाला दाखवायचा नसतो, लांब डोंगरात कुठेतरी लपवलेला असतो, आणि माझा कुठे आहे हे कोणालाच सापडणार नाही यातच शामानाची शान. वर्षातून एकदा, बर्फ वितळून जमीन काळी दिसायला लागली की हे सगळे इये-किल बाहेर पडतात आणि एकमेकांशी भिडतात, ज्याचा हरला तो शामान आजारी पडतो, कधी मरतोही. आता यात सगळ्यात ताकदवान कोण, तर घोडा, एल्क म्हणजे ते मोठं हरीण, गरुड, बैल वगैरे. आणि सगळ्यात दुर्दैवी कोण? कुत्रा आणि लांडगा. कारण काय, तर यांचं पोट कधी भरतच नाही, शामान कितीही करो, हे आणखी मागतच राहतात, त्याला सुखाने जगू देत नाहीत.

आणि इकडे कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, निम्म्या लोकांना लांडगा निघालेला असतो आणि संध्याकाळपर्यंत तो प्रोफाइल फोटोवर पण आलेला असतो. साखा शामानाला हे दाखवलं असतं तर त्याने कपाळावर हात मारला असता, एक तर लांडगा, वर जगाला सांगतोय!

मी म्हणत नाही की साखा बरोबर आणि बाकी चूक. मंगोलांच्या कथेत त्यांचा मूळ पूर्वज निळसर लांडगाच आहे, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. पण जे लोक रेनडिअर पाळून जगतात त्यांच्यासाठी लांडगा म्हणजे रात्रीत कळप फाडणारा शत्रू. ज्याचं पोट ज्या प्राण्यावर चालतं किंवा ज्या प्राण्यामुळे बुडतं, त्याप्रमाणे अर्थ बदलतो. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला लांडगा फक्त पोस्टरवर भेटलेला असतो, मग त्याला तो स्वातंत्र्य वाटतो, एकटा चालणारा वगैरे, खरं तर लांडगा कळपात राहणारा प्राणी, पूर्ण कुटुंबवत्सल.

हे पॉवर अ‍ॅनिमल प्रकरण आजच्या स्वरूपात कुठून आलं तेही सांगते, कारण वर्कशॉपात हे हजारो वर्षांचं म्हणून सांगतात आणि ते अर्धंच खरं. मदत करणारे प्राणी-आत्मे ही कल्पना जुनीच, जगभर आहे. पण कोणीही यावं, ड्रम ऐकावा, खाली जावं आणि आपला प्राणी घेऊन यावं, ही पद्धत मायकल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने बसवली. तो पेरूमध्ये कोनिबो आणि इक्वाडोरमध्ये शुआर लोकांबरोबर राहिला होता, तिथलं आणि इतर ठिकाणचं वाचून-शिकून त्याने सगळीकडे समान दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढल्या आणि 1970-80 च्या दशकात शिकवायला लागला. मी स्वतः याच वळणाने शिकलेय, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही, चालते ही पद्धत. फक्त तिच्यात ते देण्याघेण्याचं अंग बारीक झालं, कारण समान तेवढं काढलं की तिथली माणसं, तिथली शिकार, तिथली भूक सगळं मागे राहतं.

पद्धत अशी. आडवं पडायचं, डोळ्यांवर फडकं, कोणीतरी एकसुरी ड्रम वाजवणार, सेकंदाला साधारण चार ते सात ठोके, ताल बदलायचा नाही, कलाकारी करायची नाही. तुम्ही खरंच पाहिलेली एखादी जागा आठवायची जिथून जमिनीत जाता येईल, झाडाच्या मुळाशी पोकळी, झरा, एखादं बीळ, आणि तिथून खाली. प्राणी भेटला तर लगेच गळ्यात पडायचं नाही, हार्नरच्या पद्धतीत तो चार वेळा, वेगवेगळ्या बाजूंनी दिसू द्यायचा. पंधराएक मिनिटांनी ड्रम थांबतो, सात-सात ठोके चार वेळा वाजतात, तो परतीचा इशारा, मग थोडा वेळ खूप जलद, त्या वेळात आल्या वाटेनेच परत यायचं, मध्येच डोळे उघडायचे नाहीत. नंतर उठून त्या प्राण्यासारखं चालायचं, हलायचं, लोक इथे फार लाजतात पण माझ्या मते हा भाग सोडला तर बाकी सगळं नुसतं दिवास्वप्न राहतं. प्राण्याला तुमचं शरीर थोडा वेळ वापरू द्यायचं, तुमच्याकडून त्याला मिळणारी ही पहिली गोष्ट.

ड्रमबद्दल एक सांगून टाकते, विषयाला धरूनच आहे. माझा ड्रम कातड्याचा आहे, दमट हवेत तो सैल पडतो, आवाज भदभद येतो, मग सेशनच्या आधी आचेवर लांबून फिरवून गरम करावा लागतो, कातडं हळूहळू ताणतं, थोडा वास येतो, आणि बोटाने टिचकी मारली की कळतं आता बोलायला लागला. तो वास आला की माझ्यासमोर बसलेल्यांना आपोआप आठवतं की हे एक जनावर होतं. अल्ताई पर्वतातल्या लोकांमध्ये नवीन ड्रम झाला की त्याला जिवंत करायचा विधी असायचा. ड्रमच्या लाकडी कड्यावर बिअर शिंपडायची, मग ते कडं शामानाच्या तोंडून बोलतं, मी कुठल्या जंगलात वाढलो, मला कसं तोडलं, कसं गावात आणलं. मग कातड्यावर शिंपडायची आणि तो प्राणी बोलतो, माझा जन्म कुठे झाला, आईबाप कोण, लहानपणी कुठे खेळलो, आणि शिकाऱ्याने मला कसं मारलं तिथपर्यंत सगळं. आणि शेवटी तोच म्हणतो, मी तुझी सेवा करीन. ज्याला मारलं त्याचं सगळं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्यावर स्वार होता येत नाही. कारण ड्रम हे वाहन आहे, शामान त्यावर बसूनच जातो, कुठे घोडा कुठे रेनडिअर, आणि वाजवायची काठी म्हणजे चाबूक.

म्हणूनच तर मिशनरी आणि सरकारं सगळ्यात आधी ड्रमच्या मागे लागली. उत्तर नॉर्वेत सामी लोकांपैकी अँडर्स पौलसेन या म्हाताऱ्यावर 1692 मध्ये ड्रम बाळगला म्हणून खटला चालला, निकाल लागायच्या आधीच कोठडीत त्याचा खून झाला, आणि तो ड्रम पुढे डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला, तो सामी लोकांकडे कायमचा परत आला 2022 मध्ये! सोव्हिएत काळात सैबेरियातही तेच, ड्रम जप्त, शामान तुरुंगात. तेव्हा आज आपण शनिवार-रविवारी आरामात ड्रम ऐकतो, तर हे माहीत असलेलं बरं.

आता धोक्याचं. सैबेरियातल्याच कोलिमा नदीकाठचे युकागीर लोक एल्कची शिकार करताना एल्कची नक्कल करतात, एल्कची कातडी घालून तसंच डुलत डुलत चालतात, मग एल्कला वाटतं हा आपलाच, आणि ती जवळ येते. राने विलेर्सलेव या डॅनिश संशोधकाने हे तिथे राहून बघितलंय. त्या शिकाऱ्यांना भीती मरणाची नसते, भीती असते की नक्कल जास्त चांगली झाली तर आपण माणूस आहोत हेच विसरू आणि तिकडचेच होऊन जाऊ. म्हणून परत आल्यावर माणसात बसायचं, बोलायचं, किस्से सांगायचे. प्राण्याच्या नजरेतून जग बघणं ही कौतुकाची गोष्ट आहे पण त्या नजरेत राहायला जायचं नसतं.

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय कारण रोज स्वप्न, रोज घुबड, दिवसभर त्याचाच विचार, असं झालं असेल तर आधी झोप नीट होतेय का बघा. झोप उडाली असेल, आवाज ऐकू येत असतील, सगळ्या जगातून आपल्यालाच इशारे मिळतायत असं वाटत असेल तर ड्रम बंद आणि डॉक्टरांकडे जा, हे मी अगदी निक्षून सांगते. पूर्वी सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा त्रास झालेल्यांना आणि फिट्स येणाऱ्यांना मी जर्नीला बसवतच नाही, कितीही गळ घातली तरी.

आणि हो, प्राण्यांच्या नावाखाली काम्बोसुद्धा विकतात आजकाल, ते हिरव्या मोठ्या बेडकाचं विष, त्वचेवर डागून चट्ट्यांवर लावतात आणि मग उलट्या. अ‍ॅमेझॉनमध्ये मात्सेस वगैरे लोक ते शिकारीला नशीब यावं, अंगातला आळस, पनवती जावी म्हणून लावतात, डिटॉक्स म्हणून नाही. बाहेरच्या देशांमध्ये यात माणसं मेली आहेत, ऑस्ट्रेलियाने 2021 मध्ये बंदीच घातली. कोणी घुबड आणि बेडूक असं कॉम्बो ऑफर करत असेल तर तिथून उठा.

तर तुमच्या घुबडाचं काय करायचं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, स्वप्नातलं आणि झाडावरचं, त्यांची गल्लत करू नका. झाडावरचं घुबड बहुतेक तिथे उंदीर आहेत म्हणून येतंय, किंवा जवळ ढोली असेल. त्याला फोनचा फ्लॅश मारू नका, खायला टाकू नका, दिवे जरा कमी ठेवा, आणि उंदरांना विष घालत असाल तर थांबवा, कारण तो उंदीर खाऊन घुबडही मरतं. माझ्या मते घुबडाशी नातं जोडायचं असेल तर सुरुवात इथून आहे, आणि हे ध्यानाला बसण्याच्या आधीचं. संध्याकाळी शांतपणे बघा, किती वाजता येतं, कुठल्या फांदीवर, कसा आवाज काढतं, उडताना आवाज येतो का.

स्वप्नातल्या घुबडाला तुझा अर्थ काय असं विचारू नका, ते चार्टसारखंच होईल. जर्नी करता येत असेल तर खाली जाऊन त्याला शोधा, आलं तर विचारा तुला माझ्याकडून काय हवंय. आणि उत्तर छोटं, जरा विचित्र, तुमच्या अहंकाराला न सुखावणारं आलं तर मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवते. तू निवडलेली आहेस, तू हीलर आहेस, असं म्हणणारं घुबड बहुतेक आपणच असतो. एकीला तिच्या प्राण्याने एवढंच सांगितलं होतं की रात्री बाहेरचा दिवा बंद कर. तिने केला. उत्तर आलं तर तेवढं करा, नाही आलं तर काही दिवस सोडून द्या, घुबडाला घाई नसते. आणि कोणाला सांगत बसू नका, निदान काही महिने तरी.

लांडगा तुम्हाला स्वतःला भेटला नाहीये, तो शिक्षकांना दिसला असं ते म्हणतायत. दुसऱ्यासाठी प्राणी आणणं ही पद्धत आहे, पण त्यात आणणारा तुमच्यासाठी जर्नी करतो, शेजारी आडवा पडतो, परत येऊन छातीवर आणि टाळूवर फुंकर घालतो, खुळखुळा फिरवतो, त्याला वेळ लागतो. तोंडाकडे बघून सांगितलं म्हणजे अंदाज मारला. तरी मन खात असेल तर एकदा स्वतः खाली जाऊन बघा, लांडगा असेल तर भेटेल.

लॉकेट मात्र घेऊ नका. दात खरा असेल तर लांडगा साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, भारत, नेपाळ, भूतान, पाकिस्तानातले लांडगे तर परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे देशादेशांतला धंदा बंद. घुबडाची पिसं, नखं यांचंही तेच, जवळपास सगळी घुबडं त्या यादीत आहेत. अमेरिकेत गरुडाच्या पिसांवर 1940 पासून कायदा आहे आणि तिथल्या मूळ जमातींच्या लोकांनाही ती सरकारी भांडारातून अर्ज करून, वाट बघून मिळतात, मग वर्कशॉपच्या टेबलावर ढिगाने कुठून येतात? आणि दात खोटा असेल, बहुतेक वेळा प्लास्टिकचा नाहीतर कुत्र्याचा असतो, तर पैसे गेले एवढंच. आगाऊ पैसे भरले असतील तर दाताचे कागद मागा, कायदेशीर असल्याचे, कागद दाखवले नाहीत तर पैसे परत मागायला कारण मिळालंच.